अयोध्याची सही

बोरतळी, ता. लोहारा
शनिवार, २४ जून २०२३

राजनंदिनी, हे पत्र आईला आहे, पण वाचायचं तुला आहे. खणखणीत वाच. पूर्णविरामाला थांब, स्वल्पविरामाला नुसता श्वास घे. शब्द अडला तर गाळायचा नाही, ओळ पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. मी समोर नाही म्हणून चालढकल खपवून घेणार नाही.

आता अयोध्या, तू ऐक.

शाळा उघडून नऊ दिवस झाले. तुझी लेक पाचवीच्या पटावर आहे आणि वर्गात नाही. पहिल्या दिवशी वाटलं ताप असेल. चौथ्या दिवशी तुमच्याकडे आले तर दाराला कुलूप. तुझे दीर गोरोबा शेजारच्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "माहेरी गेली की वो, परंड्याकडं. हितं मन लागंना म्हणली." मला न सांगता कसं मन लागेना? ते हसले आणि चहा घ्या म्हणाले. मी घेतला नाही. शेवटी शाळेची खिचडी शिजवणाऱ्या नागूबाईकडून तुझ्या भावाचा पत्ता काढला.

मी रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते. तुझा लिंबाजी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, त्यानंतर ही पोरगी चार महिने तोंडातून शब्द काढत नव्हती. त्या चार महिन्यांत एक शनिवार मी चुकवला का? सकाळची शाळा सुटली की तुझ्या दारात हजर. तू भाकरी आणि कारळाची चटणी वाढायचीस आणि मी जेवायच्या आधी धडा मोठ्याने वाचायची. ही कणगीमागे लपलेली असायची. एका शनिवारी मी वाचलं, "तळ्याच्या काठी एक भलामोठा," आणि मुद्दाम थांबले. कणगीमागून आवाज आला, "बेडूक." तुझी तव्यावरची भाकरी जळाली आणि आपण दोघी वेड्यासारख्या रडलो. ते काय गोरोबांच्या ओट्यावर "मन लागंना" ऐकायला?

आणि तुझी सही. अयोध्या हे नाव ज्याने ठेवलं त्याला तुझ्या सहीची काळजी नव्हती हे नक्की. बाकीच्या आया आठवड्यात सही शिकून मोकळ्या झाल्या आणि आपण दीड महिना त्या 'ध्या'शी कुस्ती खेळत होतो. अर्धा ध कुठे मोडायचा ते तुला कळेना, तुला समजेल असं सांगणं मला जमेना. मग तूच युक्ती काढलीस. आधी वरची रेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं एकेक अक्षर खाली लटकवायचं. शाळेत कुणी असं लिहीत नाही. मी म्हटलं, लिहू दे.

प्रगतिपुस्तकावर तू पहिली सही केलीस त्या दिवशी मी फाटकावर पाटी रंगवली, 'अंगठामुक्त शाळा'. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून एकेचाळीस जणींना पेन दिले. तुलाही कुंकू लावलं, तेव्हा मागे कुजबूज झाली. मी वळून एकदा पाहिलं, तशी थांबली. पुढे साक्षरतेचं प्रमाणपत्रही आलं. एप्रिलमध्ये गोरोबा स्वतः येऊन तुझं घेऊन गेले. "वैनीचं हाय, फ्रेम करून लावतो," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालून दिलं.

तर आता मन लागत नाही वगैरे पुरे. पोरीला घेऊन ये. साधं पत्र कुठे गेलं ते कळत नाही, म्हणून हे रजिस्टर करते आहे. सोबत पिवळी पोचपावती असेल, तिच्यावर पोस्टमन तुझी सही घेईल आणि ती माझ्याकडे परत येईल. अर्ध्या धकडे लक्ष दे.

तुझी,
नीलाबाई


बोरतळी
रविवार, १६ जुलै २०२३

अयोध्या,

पोचपावती आली. रेघ सरळ, ध व्यवस्थित मोडलेला. माणिकप्पा सरांना दाखवली. ते म्हणाले, मुख्याध्यापक असून माझी सही एवढी नीट येत नाही.

दोन दिवसांनी राजनंदिनीचं पत्र आलं आणि माझं हसू गेलं. तिने लिहिलं आहे, "आई सांगते तसं लिहिते," आणि खाली तुझेच शब्द. मी ते इथे पुन्हा उतरवते. मला नीट कळलं आहे ना, हे तूही ऐकून घे.

"बाई, मे महिन्यात भावजी म्हणले, वारसाच्या नोंदीचा कागद हाय, सही लागतीया. जीपनं लोहाऱ्याला नेलं. चार ठिकाणी सही घेतली. एक बोट बी दाबून घेतलं मशिनीवर. आतल्या सायबानं इचारलं, वाचलाव का कागद? भावजी म्हणले, शिकलेली हाय वो, शाळंचं सर्टिफिकेट हाय, आन ते काढून दावलं. सायबानं माझ्याकडं बघितलं. म्या मान हलवली. न्हाय म्हणायची लाज वाटली बाई. तुमी टाळ्या वाजिवल्या हुत्या. मंग घरी आल्यावर भावजी म्हणले, विहिरीकडचं रान आता माझं, तू खुशीनं सोडलंस तुझा हिस्सा. भावानं मला हितं आणली. हितं वैनी दोन टाईमाला तोंड वाकडं करती. पोरीला शाळंत घालू म्हणतेत, अजून घातली न्हाय. तहसीलला अर्ज केलाय, माझं नाव काढू नगा म्हणून. अर्ज लिवणारा गुंडाप्पा म्हणला, एकच इलाज हाय. ज्या बाईंनी सर्टिफिकेट दिलं त्यांनी येऊन सांगावं, हिला वाचाय येत न्हाय. ११ ऑगस्टला तारीख हाय. तुमी येताल ना? आन काय असंल ते कागदावर लिवा. तोंडी बोललेलं कुठंच चालत न्हाय म्हणं."

मी हे पत्र तीनदा वाचलं. गोरोबांच्या ओट्यावर जाऊन चार शब्द सुनावून आले. ते म्हणाले, "बाई, तुमीच शिकिवलं की तिला. आमी काय केलं?" आणि पुन्हा चहा घ्या म्हणाले. माझा नुसता संताप झाला.

अयोध्या, कागदावर लिहून देते. मी येणार. अकरा तारखेला लोहाऱ्याला तहसीलच्या पायरीवर तुझ्या आधी उभी असेन आणि साहेबांना सांगेन की हिला सही येते, वाचता येत नाही. ते रान गेलं तर तुला बोरतळीत पाय ठेवायला जागा नाही आणि पोरीला या शाळेत. तेवढं मला समजतं. एकोणतीस वर्षं शाळेत काढलीत मी, एका साहेबासमोर उभं राहायला घाबरत नाही.

राजनंदिनी, अक्षर छान आहे. 'सर्टिफिकेट'मधली वेलांटी तपास.

तुझी,
नीलाबाई


बोरतळी
रविवार, २० ऑगस्ट २०२३

अयोध्या,

तू अकरा तारखेला वाट पाहिली असशील. मला ताप होता. म्हणजे कणकण होती. यांनी जाऊ दिलं नाही. साहेबांनी पुढची तारीख दिली, ६ ऑक्टोबर, असं कळलं. चला, म्हणजे काही बिघडलं नाही.

शाळेत झेंडावंदन झालं. पाऊस नाहीच. मधल्या सुट्टीत पोरं टाकीच्या नळाला तोंड लावून बसतात. नागूबाईच्या खिचडीत यंदा मटकी आहे.

राजनंदिनीचं दुसरं पत्र मिळालं. तिकडच्या शाळेत तिचं नाव घातलं, हे चांगलं झालं. तू तिच्याकडून संध्याकाळी अक्षरं शिकायला बसली होतीस, क ख ग पर्यंत आलीस, आणि मग गुंडाप्पा म्हणाला, "निकाल लागंपतोर अक्षर शिकू नगा. वाचाय आलं तर केस संपली." म्हणून पाटी बाजूला ठेवलीस. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. आयुष्यभर मी बायकांच्या मागे लागले की शिका गं, शिका. आता तुला वाचता न येणं हीच तुझी एक जमेची बाजू राहिली आहे, आणि तीही माझ्याच एका कागदामुळे लटकली आहे.

खरं सांगायचं तर ताप नव्हता.

राजनंदिनी, इथून पुढचं हळू वाच. समजलं नाही तरी वाच. गाळू नकोस.

अयोध्या, साक्षरतेची परीक्षा झाली तो मार्चमधला रविवार आठवतो? तुम्ही सगळ्या नटून आला होतात. पेपरवर नाव घातलंत, सही केलीत, आणि मी म्हटलं, बाकीचं आम्ही बघतो. तुम्हाला वाटलं, परीक्षा अशीच असते. त्या दिवशी दुपारी ऑफिसचं दार लावून मी आणि माणिकप्पा सरांनी एकेचाळीस पेपर लिहिले. एकाच हाताचं अक्षर दिसू नये म्हणून मी निम्मे डाव्या हाताने लिहिले. तुझा डाव्याच हाताने लिहिला. 'माझे गाव' यावर पाच ओळी होत्या. मी तुझ्या वतीने लिहिलं, 'माझ्या गावात एक विहीर आहे.' वरून सारखं विचारत होते, किती साक्षर झाल्या, किती झाल्या. आम्हाला तरी फुरसत कुठे होती दीड महिना प्रत्येकीच्या 'ध्या'ला द्यायला? सही झाली होती, वाचणंही येईल हळूहळू, असं वाटलं. कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं.

मी तहसीलमध्ये सांगितलं की हिला वाचता येत नाही, तर साहेब विचारणार, मग हा पेपर कुणी लिहिला? माणिकप्पा सर परवा मधल्या सुट्टीत म्हणाले, "बाई, एक पेपर उघडला की एकेचाळीस उघडतेत. माझ्या दोन पोरींची लग्नं व्हायचीत." मला निवृत्तीला एकवीस महिने राहिलेत. घरात आम्ही दोघंच, यांना कसलीच पेन्शन नाही. ह्या सगळ्याचं तुझ्या रानाशी काही देणंघेणं नाही, कळतं मला. पण डोळा लागत नाही, हेही खरं.

हे सगळं तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. आता ठरव, मी यावं की नाही. तू ये म्हणालीस तर येईन.

तुझी,
नीलाबाई


बोरतळी
रविवार, ८ ऑक्टोबर २०२३

अयोध्या,

हे साध्या टपालाने टाकते आहे. यावेळी पोचपावती नको.

परवा तिथे जे झालं त्याबद्दल तुझा काही गैरसमज नको. मी खोटं बोलले नाही. तू बाकावर बसून सगळं ऐकत होतीस. साहेब चांगले होते, त्यांनी तुझ्या हातात कागद देऊन वाच म्हणून सांगितलं. तू म्हणालीस, "येत न्हाय सायेब." त्यावर गोरोबांचा वकील म्हणाला, "येत असून न्हाय म्हणणं सोपं हाय, साहेब." मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. प्रमाणपत्रावर सही तुमची का? मी म्हटलं, माझी. म्हणजे यांना लिहिता-वाचता येतं? मी म्हटलं, "अक्षरओळख आहे, साहेब."

अक्षरओळख हा आमच्या शाळेतला शब्द आहे. पहिलीच्या पोराला क कमळातला एवढं कळलं की आम्ही त्याच्या पुढे लिहितो, अक्षरओळख आहे. त्याचा अर्थ वाचता येतं असा होत नाही. साहेबांना ते कळायला हवं होतं. कारकुनाने विचारलं, "म्हणजे येतं, असं लिहू?" मी काही बोलले नाही. त्याने लिहिलं. त्याने काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं नाही.

गुंडाप्पाने हातातली पिशवी आपटली. तू आपटली नाहीस. बाहेर आलीस, पदर नीट केलास आणि म्हणालीस, "बाई, मला वाटलं तुमी सांगताल." एवढंच. मी म्हटलं, गाडी चुकेल, आणि निघाले. एसटीला अजून तासभर वेळ होता. मी स्टँडवर पेपरवाल्याच्या आडोशाला उभी राहिले, तुम्ही दोघी परंड्याच्या बाजूला जाईपर्यंत.

राजनंदिनी, व्हरांड्यात आपलं जे बोलणं झालं ते आपल्यातच राहू दे. शहाणी आहेस.

नीलाबाई


बोरतळी
रविवार, २८ जानेवारी २०२४

अयोध्या,

मंगळवारी शाळेत फोन आला. तिकडच्या शाळेच्या दीपमाला मॅडम होत्या, आवाजावरून कोवळ्या वाटल्या. त्यांनी विचारलं, "राजनंदिनी सुरवसे तुमच्याकडून आलीय ना? वर्गात बोलत नाही. ऑक्टोबरपासून. लिहिते सगळं, वाच म्हटलं की मान खाली घालते. तिच्या जुन्या दाखल्यावर तुम्ही शेरा लिहिलाय, 'प्रकट वाचन उत्कृष्ट'. तुम्ही काय करत होतात?" मी त्यांना शनिवारचं सांगितलं, बेडकाचं सांगितलं. त्या सगळं लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "मी पण जाईन तिच्या घरी." त्या जातील असं वाटतं. अयोध्या, त्यांना आत येऊ दे. त्या वेगळ्या आहेत, मी नव्हे. पण त्या आल्या तरी पोरगी बोलेल की नाही, मला सांगता येत नाही. माझ्यावेळी तिचा बाप गेला होता, त्यात तिची काही चूक नव्हती. यावेळी मी तिच्या गळ्यात काय अडकवून ठेवलं आहे ते मलाच माहीत आहे, म्हणून हे लिहिते.

मागच्या पत्रात जे झाकलं ते आता ऐक. ऑगस्टमध्ये मी तुला एक मोठं पत्र लिहिलं होतं. राजनंदिनीने त्यातला पुढचा अर्धा भाग तुला वाचून दाखवला नाही. सहा ऑक्टोबरला आपण आत जायच्या आधी तू पाणी प्यायला गेलीस, तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि दप्तरातून ते पत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "बाई, ह्यातलं फुडलं म्या आईला वाचून दावलं न्हाय." मी विचारलं, का गं? तर म्हणते, "तुमाला शाळंतनं काढतेल म्हणून."

दहा वर्षांची पोर. आईचं रान एकीकडे आणि बाई एकीकडे, आणि तिने एकटीने ठरवलं. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं आणि ते पत्र आत जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवायला हवं होतं. माझ्याच हाताने लिहिलेलं, खाली माझं नाव. गुंडाप्पाला त्याहून जास्त काही लागलंच नसतं. मी काय केलं? "शहाणी गं माझी," म्हटलं आणि पत्र पर्समध्ये घातलं. मग आत गेले. अक्षरओळख म्हणाले तेव्हा ते पत्र माझ्या मांडीवर होतं. ती दारातून पाहत होती. तिला वाटलं असणार, बाई तरी सांगतीलच, आपण फक्त पत्र परत दिलं.

राजनंदिनीच्या पत्रात तुझं 'या' आलं होतं, पण ते सगळं ऐकून म्हटलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी तुझ्यावर सोडलेला निर्णय तुझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. तू माझ्यावर विश्वास ठेवून आली होतीस आणि मी तुला विचारलं आहे अशा समजुतीत निश्चिंत होते. खरं म्हणजे तीही समजूत व्हरांड्यात संपली होती. आत जाताना मला सगळं माहीत होतं.

नोव्हेंबरमध्ये निकाल लागला, तुझं नाव कमी झालं, ते तुला कळलंच असेल. वरच्या साहेबांकडे अपील करायला साठ दिवस असतात. मी कॅलेंडरवर पाहत होते. साठ दिवस गेल्या आठवड्यात संपले. अयोध्या, मुदत संपली म्हणूनच मला आज हे लिहायचं धाडस झालं आहे. याहून वाईट गोष्ट मला माझ्याबद्दल सांगता येत नाही.

ऑगस्टचं ते पत्र सोबत जोडलं आहे. मूळच आहे, झेरॉक्स नाही. गुंडाप्पाला दाखव. उशीर झाल्याचा अर्ज वगैरे काही असतो म्हणतात. होईल असं मला वाटत नाही, आणि झालं तरी तोवर गोरोबांनी विहिरीकडच्या रानात ऊस लावलेला असेल. पण पत्र तुझं आहे. माझं जे व्हायचं ते होऊ दे, असं म्हणायची माझी लायकी राहिली नाही, तरी म्हणते.

राजनंदिनी, तू हे वाचते आहेस की नाही, माहीत नाही. तुझा आवाज फुटत नसेल तर दीपमाला मॅडमना दे, त्या आईला वाचून दाखवतील. पण तुला एक सांगायचं आहे, ते मनातल्या मनात वाच. तू पत्र लपवलंस यात तुझी चूक नाही. ते शहाणपण नव्हतं, माया होती, आणि मी तिचा फायदा घेतला. बाईंना वाचवणं हे पाचवीतल्या मुलीचं काम नाही. तू बोल. माझ्याविरुद्ध बोल, पण बोल.

परवा शाळेत हळदीकुंकू झालं. वाणाला यंदा माणिकप्पा सर वाट्या आणणार होते, मी म्हटलं, काहीही आणा, पेन नको. फाटकावरची पाटी मी उतरवली नाही. उतरवली तर विचारतील, का उतरवली.

रजिस्टर करते आहे.

नीला


बोरतळी
बुधवार, ७ फेब्रुवारी २०२४

अयोध्या,

हे पत्र मी टाकणार नाही. तरी तारीख घातली, सवय जात नाही.

आज दुपारी पोस्टमन पोचपावती देऊन गेला. पाचवीला भागाकार चालू होता. मी ती टेबलावर उलटी ठेवली, तास संपवला, मग पाहिली.

सहीच्या जागी अंगठा आहे. निळ्या शाईचा, डाव्या हाताचा. घाईत टेकवलेला नाही. चांगला दाबून उमटवला आहे, एकेक रेघ दिसते. पाकीट हातात यायच्या आधी पावतीवर खूण करावी लागते, म्हणजे आत काय आहे ते कळायच्या आधीच तू हे ठरवलं होतंस. कदाचित ऑक्टोबरमध्येच, तहसीलच्या पायरीवर. पोस्टमन म्हणाला असेल, सही करा की, मागच्या वेळी केली होती. तू म्हणाली असशील, येत नाही.

आता ते पत्र कुणी वाचलं, वाचलं की नाही, मला कळणार नाही. मी विचारणारही नाही.

अंगठा असला की पोस्टमन शेजारी कुणाची तरी सही मागतो, हा अंगठा हिचाच म्हणून. खाली तशी सही आहे. 'अंगठा माझ्या आईचा आहे. राजनंदिनी लिंबाजी सुरवसे.'

अक्षर सुरेख आहे. रेघ सरळ. आधी रेघ ओढून मग खाली अक्षरं लटकवलेली आहेत, तुझ्यासारखी. एकही चूक नाही.